पावसाळ्यात सातारा रस्त्यावर इलेक्ट्रिक गाडीची रेंज का घटते? आडवा वारा आणि चाकांची झाकणं

जून सुरू झाला की पुण्यातल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची एक तक्रार दरवर्षी कानावर येते. एप्रिलमध्ये एका चार्जवर साताऱ्याला जाऊन परत येणारी गाडी आता परतताना खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या आतच चार्जर शोधायला लावते. एसी उन्हाळ्याइतका चालत नाही, हवा थंड आहे, गाडी तीच, चालवणारा तोच. मग संशय बॅटरीवर जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी होते, बॅटरी ठीक असल्याचा कागद मिळतो, पैसे जातात. दिवाळीनंतर रेंज आपोआप पूर्ववत होते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच तक्रार.

बॅटरी खरोखर खराब झाली असेल तर ती दिवाळीत बरी होत नाही. ऋतूबरोबर येणारी आणि ऋतूबरोबर जाणारी घट ही जवळजवळ नेहमी रस्त्यावरच्या विरोधाची असते. त्यात तीन गोष्टी प्रमुख आहेत: आडवा वारा, ओला रस्ता आणि चाकांभोवतीची तुटलेली किंवा काढून ठेवलेली आवरणं. ओल्या रस्त्याबद्दल सगळ्यांना कल्पना असते. बाकीच्या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी रस्त्याची दिशा बघा

पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, कधी थोडा नैर्ऋत्येकडून येतो. जून-जुलैमध्ये त्याचा जोर सर्वाधिक. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. सातारा पुण्याच्या जवळपास थेट दक्षिणेला आहे. म्हणजे कात्रजचा बोगदा ओलांडला की हा वारा गाडीच्या बरोबर कुशीत बसतो. नाशिक उत्तरेला, तिथेही तीच गत. सोलापूर आग्नेयेला, थोडं पूर्वेकडे झुकून. त्यामुळे जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर. मुंबईकडे जाताना तो समोरून तिरका लागतो, येताना मागून ढकलतो.

सोलापूरवाल्याला फरक लगेच कळतो, कारण जाताना रेंज भरपूर आणि येताना कमी. सातारावाल्याला कळत नाही, कारण आडवा वारा जातानाही घेतो आणि येतानाही घेतो. दोन्ही फेऱ्यांचे आकडे सारखेच वाईट येतात आणि माणूस म्हणतो, वाऱ्याचा संबंध असता तर एका बाजूला तरी फायदा दिसला असता. इथेच निदान चुकतं.

शिरवळच्या पुढे आणि खंबाटकी उतरल्यावर सुरूर, भुईंज, पाचवडपर्यंतचा पट्टा उघडा आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. रस्ता पठारापेक्षा बराच खाली आहे, तिथे वारा तितका नसतो, पण या भागाचा स्वभाव त्यावरून कळतो.

वारा आहे की अलाइनमेंट, हे स्टिअरिंगवरून ओळखा

एक साधी खूण आहे. साताऱ्याला जाताना पश्चिम तुमच्या उजव्या हाताला असते, म्हणून वारा गाडीला डावीकडे ढकलतो. परत येताना पश्चिम डाव्या हाताला, म्हणून गाडी उजवीकडे सरकते. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढत असेल तर तो वारा. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढत असेल तर व्हील अलाइनमेंट, टायरमधली कमी-जास्त हवा किंवा रस्त्याचा उतार. पाणी निघून जावं म्हणून आपले रस्ते बहुधा डाव्या कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळे दोन्ही दिशांना थोडी डावी ओढ जाणवणं स्वाभाविक आहे.

वाऱ्याविरुद्ध स्टिअरिंग सतत किंचित वळवून धरावं लागतं, तेव्हा टायरही किंचित तिरके घासत चालतात. तो तोटा छोटा, पण अलाइनमेंट आधीच बिघडलेलं असेल तर त्यात भर पडते.

वारा नेमकं काय करतो

ताशी ९० किमी वेगाने गाडी चालली आहे. वाऱ्याचं ॲप ताशी ३० किमी सांगतं. हा आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या माळावर गाडीच्या उंचीला त्याचा साधारण साठ टक्के भाग उरतो, म्हणजे ताशी १८ किमी. समोरून ९० आणि कुशीतून १८. गाडीला जाणवणारी हवा मग नाकावर सरळ येत नाही, ११ अंशांनी तिरकी येते. तिचा वेग मात्र फार वाढत नाही, ९० चा जेमतेम ९२ होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्या बाबतीत वाढ फक्त चार टक्के.

खरा तोटा त्या कोनात आहे. गाडीचा आकार समोरून येणाऱ्या हवेसाठी घडवलेला असतो. हवा तिरकी आली की वाऱ्याच्या आडोशाची बाजू, म्हणजे साताऱ्याला जाताना डावी बाजू, बिघडते. पुढच्या कोपऱ्यावर आणि काचेच्या खांबापाशी हवा पृष्ठभाग सोडून देते, गाडीच्या पाठीमागचा खळबळीचा पट्टा रुंद आणि वाकडा होतो, आणि ड्रॅगचा गुणांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, वाढतो. दहा-बारा अंशांना तो किती वाढेल हे गाडीच्या आकारावर ठरतं. काही गाड्यांत थोडासाच, चौकोनी किंवा वर कॅरिअर असलेल्या गाड्यांत चांगलाच.

एक उदाहरण मांडतो. माणसांसकट १७०० किलोची छोटी एसयूव्ही, गुणांक ०.३२, समोरचं क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर. पुणे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ आहे, घनमीटरला १.१ किलो धरू. वारा नसताना ताशी ९० ला हवेचा विरोध सुमारे २६५ न्यूटन आणि टायरचा सुमारे १६५, एकूण ४३०. आता वर सांगितलेला आडवा वारा घ्या आणि गुणांक नऊ टक्के वाढला असं धरा. हवेचा विरोध ३०० न्यूटनच्या आसपास जातो. एकूण विरोधात आठ टक्के वाढ. ही फक्त वाऱ्याची, आणि ताशी ३० किमी हा जुलैतल्या दुपारी काही विशेष वारा नव्हे. झोत याहून मोठे येतात.

समोरच्या-पाठीमागच्या वाऱ्याचाही हिशोब शून्य होत नाही, हे सोलापूर रस्त्यावाल्यांनी लक्षात घ्यावं. त्याच १८ किमीच्या वाऱ्यात जाताना हवेचा विरोध ३६ टक्के कमी होतो, येताना ४४ टक्के वाढतो. दोन्हीची सरासरी चार टक्के तोट्याची येते.

कंपनीच्या आकड्यात हे का दिसत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. आपल्याकडे प्रमाणित रेंज प्रयोगशाळेत रोलरवर मोजतात. गाडी जागेवर, चाकं फिरतात, वारा नाही. रोलरला किती विरोध द्यायचा हे बहुधा ट्रॅकवरच्या चाचणीतून घेतात: गाडी वेगात नेऊन मोकळी सोडायची आणि ती आपसूक कशी मंदावते ते मोजायचं. डब्ल्यूएलटीपी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अशा चाचणीच्या वेळी ट्रॅकला आडवा येणारा वारा सरासरी सेकंदाला दोन मीटरच्या आत असावा लागतो, म्हणजे ताशी सातच किमी. मोजणी एकसारखी यावी म्हणून ही अट आवश्यकच आहे. त्यात लबाडी काही नाही. पण भुईंजच्या पुलावरची हवा त्या आकड्यात नसते, हे गाडी घेतानाच कुणीतरी सांगायला हवं.

आता चाकांकडे

गाडीच्या हवेच्या विरोधातला साधारण चौथा हिस्सा चाकं आणि चाकांच्या खोबणी यांचा असतो. एवढ्या छोट्या भागाला एवढा वाटा का, तर चाक म्हणजे हवेच्या दृष्टीने अगदी बेढब वस्तू. आखूड, रुंद, टोकदार कडांची, शिवाय फिरणारी. त्याचा वरचा भाग रस्त्याच्या मानाने गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. आऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून हवा आत-बाहेर होते आणि ओढ्यात रोवलेल्या खुंटामागे पाणी जसं घुसळतं तशी हवा चाकामागे घुसळत राहते. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चाकांवर कंपन्या सपाट झाकणं देतात ती त्यासाठीच.

या सगळ्यात पुढच्या चाकाची जागा सर्वात नाजूक. गाडीच्या नाकावर आदळलेली हवा दोन्ही बाजूंना फाकते, त्यामुळे वारा अजिबात नसला तरी पुढच्या चाकांना ती आतून बाहेर, तिरकीच भेटते. आडवा वारा आला की आडोशाच्या बाजूच्या पुढच्या चाकावर हे दोन्ही तिरकेपण एकाच दिशेचं असतं, त्यांची बेरीज होते. वाऱ्याच्या बाजूच्या चाकावर वजाबाकी होते. शिवाय गाडीखालून हवा एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे वाहते आणि आडोशाच्या चाकांना आतल्या बाजूने धडकते. म्हणून साताऱ्याला जाताना डावं पुढचं चाक सर्वात जास्त घुसळण करतं, परतताना उजवं.

झाकण नसेल, आऱ्या उघड्या असतील, खोबणीतलं प्लॅस्टिकचं लायनर सुटलेलं असेल, तर त्या चाकामागचा खळबळीचा पट्टा आणखी रुंद होऊन गाडीच्या संबंध कुशीला खराब करतो. शांत हवेत झाकणाचा जो फायदा मिळतो, तोच आकडा आडव्या वाऱ्यात मिळेल असं गृहीत धरू नका. काही झाकणांचा फायदा कोन वाढल्यावर टिकतो, काहींचा विरतो. बाहेर फुगलेली, धारदार कडेची झाकणं यात मागे पडतात. कडा गोलसर आणि टायरच्या बाजूशी सपाट बसणारं झाकण चांगलं.

सायकलवाले इथे एक रास्त प्रश्न विचारतात. पुण्यातले बरेच जण खंबाटकीपर्यंत सायकल मारतात, आणि त्यांना ठाऊक आहे की मागचं बंद डिस्क चाक किंवा खोल रिम आडव्या वाऱ्यात उलट मदत करते. ते खरं आहे. तिरक्या हवेत ते चाक शिडासारखं काम करतं, त्यावर येणाऱ्या बलाचा एक घटक पुढच्या दिशेने असतो, आणि ठरावीक कोनापर्यंत चाकाचा विरोध घटतो. त्यापुढे हवा पृष्ठभाग सोडते आणि फायदा संपतो. मोटारीत हे घडत नाही, कारण तिथे चाक मोकळ्या हवेत नाही, बॉडीच्या खोबणीत आहे. हवेला त्याची फक्त बाहेरची बाजू आणि खालचा तुकडा दिसतो. मोटारीत झाकणाचं काम घुसळण कमी करणं एवढंच. सायकलवरसुद्धा पुढचं चाक पूर्ण बंद करू नये, कारण झोत आला की हँडल हातातून वळतं. स्कूटरच्या पुढच्या चाकाला घरगुती झाकण लावण्याचे व्हिडिओ फिरतात. कृपया ते करू नका.

चाकं पूर्ण झाकण्याची कल्पना जुनी आहे. १९९९ साली आलेल्या पहिल्या होंडा इनसाइटची मागची चाकं बॉडीच्या आवरणाखाली जवळजवळ लपलेली होती आणि गुणांक ०.२५ होता. त्यातही झाकली ती मागची. पुढची चाकं वळायला जागा लागते, म्हणून ती उघडीच राहिली.

गाडी तपासताना

टायरमधली हवा गाडी थंड असताना, सकाळी तपासा. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआय उतरतो. मे महिन्यात भरलेली हवा जुलैत कमीच असणार.

मग ब्रेक. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक पॅड फार वापरले जात नाहीत, आणि पावसाळ्यात कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजून पॅड डिस्कला हलके चिकटून राहतात. वीस-पंचवीस किमी ब्रेक फारसा न वापरता चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हात न लावता हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर पुढचं वाचायच्या आधी ते दुरुस्त करा. वाऱ्याला दोष देत फिरत राहाल आणि पॅड जळतील.

नंतर गाडीखाली वाका, आणि इथे वेळ द्या. पुढच्या चाकांच्या खोबणीतलं लायनर हाताने हलवून बघा. पुण्यातल्या खड्ड्यांत आणि साचलेल्या पाण्यात त्याच्या क्लिपा सर्वात आधी जातात. एखादी कड टायरकडे लोंबत असते आणि मालकाला पत्ताही नसतो. गाडीच्या पोटाखालचं प्लॅस्टिकचं आवरण, विशेषतः पुढचा भाग आणि चाकांपुढच्या छोट्या पट्ट्या जागेवर आहेत का बघा. त्या पट्ट्या निरुपयोगी दिसतात म्हणून काही गॅरेजवाले काढूनच टाकतात. चाकावर येणारी हवा वळवणं हे त्यांचंच काम आहे, आणि हा सगळा सुटा माल परत बसवायला खर्च फार येत नाही.

चाकांची झाकणं चारही आहेत का? एक हरवलं की लोक बाकीची तीनही काढून ठेवतात. मोठे अलॉय आणि रुंद टायर टाकले असतील तर समोरचं क्षेत्रफळ, आऱ्यांमधली उघडी जागा आणि टायरचा विरोध, तिन्ही वाढलं आहे. हे मी स्पष्टच सांगतो: हायवेवर रेंज हवी असेल तर मूळ मापाची चाकं परत बसवा. छतावरचं रिकामं कॅरिअरही उतरवा, तिरक्या हवेत ते आणखी महाग पडतं.

चिखल वाचायलाही शिका. ओल्या रस्त्यावरून साताऱ्याला पोहोचलात की परतीला निघण्याआधी दोन्ही कुशी नीट बघा. पुढच्या चाकामागून निघालेल्या चिखलाच्या रेषा आडोशाच्या, म्हणजे डाव्या बाजूला जास्त वर आणि जास्त पसरलेल्या असतील, तर चाकामागची हवा तिथे फुटते आहे. शेजारून गेलेल्या ट्रकने उडवलेलं पाणी सरसकट शिंतडलेलं दिसतं. चाकाची रेष चाकापासूनच सुरू होते. परत आल्यावर बघू नका, तोवर दोन्ही बाजू सारख्या झालेल्या असतात.

फरक मोजायचा असेल तर

डॅशबोर्डवर दिसणारी उरलेली रेंज हा अंदाज असतो, त्यावर काही ठरवू नका. किलोमीटरला किती वॅट-तास गेले तो आकडा लिहा. घाट आणि टोलनाके टाळून एक सपाट पट्टा निवडा, क्रूझ कंट्रोल ताशी ८० ला ठेवा, जाताना आणि येताना दोन्ही आकडे घ्या. पूर्ण पुणे-सातारा फेरीचा आकडा वापरायचा असेल तर दोन्ही दिशा मिळूनच वापरा, कारण सातारा पुण्याहून दीडशेहून अधिक मीटर उंच आहे आणि एवढ्या वजनाची गाडी वर न्यायलाच पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते.

सकाळी लवकर वारा मंद असतो आणि दुपारी जोर धरतो. म्हणून एकाच दिवशी सकाळी सहाचा आणि दुपारी तीनचा आकडा घेतला तर वाऱ्याचा वाटा बराच उघडा पडतो, मात्र दोन्ही वेळा रस्ता कोरडा हवा. झाकणांचा फायदा बघायचा असेल तर झाकणं लावून, काढून आणि पुन्हा लावून असे तीन वेळा मोजा. पहिला आणि तिसरा आकडा जुळला नाही तर मधल्या काळात वारा बदलला, ती मोजणी सोडून द्या. झाकणांचा फरक दोन-चार टक्क्यांचा असतो आणि वारा तेवढं सहज लपवतो, म्हणून ही काळजी घ्यावीच लागते.

मग करायचं काय

वारा आपल्या हातात नाही, वेग आहे. त्याच वाऱ्यात ताशी ९० ऐवजी ७५ ने गेलात तर हवा थोडी जास्त तिरकी लागते, तरीही हवेचा विरोध पंचवीस टक्क्यांहून अधिक उतरतो. कुठल्याही झाकणापेक्षा हा फायदा मोठा आहे. सकाळी लवकर निघणं हा दुसरा उपाय. झाकणं, लायनर, पट्ट्या पूर्ण करणं हा तिसरा, आणि तो एकदा केला की वर्षभर पुरतो. उघड्या पट्ट्यात ट्रकला ओलांडताना स्टिअरिंग घट्ट धरा. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना वारा एकदम अंगावर येतो.

घरी झाकणं बनवायची हौस अनेकांना असते. सपाट झाकण करायचंच असेल तर ब्रेकला हवा जाईल अशी फट ठेवा, खंबाटकी उतरताना ती लागते. प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून हायवेवर जाऊ नका, सुटलेलं झाकण मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातं. बॉडीला जोडून चाकावर पडदा लावण्याच्या फंदात पडू नका: आत चिखल साचतो, टायर घासतो, आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत. कंपनीचं मूळ झाकण विकत घ्या.

एवढं करूनही शंका राहिलीच तर आकड्यांची वही डिसेंबरपर्यंत जपून ठेवा. कोरडा रस्ता, पहाटेची निवांत हवा, टायरमध्ये पूर्ण दाब, तोच पट्टा, तोच वेग. थंडीत बॅटरी आणि टायर थोडे आळसावतात, तेवढी दोन-चार टक्क्यांची सूट द्या. एवढं धरूनही त्या दिवशीचा आकडा पावसाळ्यातल्या दुपारच्या आकड्यापेक्षा सुधारला नाही, तर दुखणं गाडीतच आहे. ती वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि बॅटरीबरोबर चाकांची बेअरिंगही तपासायला सांगा.